साडेतेरा अंश

सावद्याच्या बाहेर, रावेर रस्त्याला,
केळीच्या शीतगृहात माझी रात्रपाळी.
दर दोन तासांनी काचेतून आकडा बघायचा
आणि वहीत उतरवायचा: साडेतेरा. साडेतेरा. तेरा पूर्णांक सहा.
बाहेर मे महिना. रात्री अकरालासुद्धा
पत्र्यावर हात ठेववत नाही.

मी काही शोधायला निघाले नव्हते.
झोप लागू नये म्हणून मोबाईल लावून ठेवलेला,
एक गाणं संपलं की दुसरं, त्याला लागून तिसरं,
घरंगळत घरंगळत पहाटे तीनला
इंगेला नूरलुंदपाशी येऊन थांबले.
स्वीडनची. पार उत्तरेची.
फोटोत लाकडांची रास, एक बादली,
आणि तिचा अर्धाच चेहरा,
जणू ऐन वेळी कुणी आतून हाक मारली.
ऐकणारे: दोनशे बारा.
एवढी माणसं आमच्याकडे
एका भरिताला जमतात, न बोलावता.

लेंगे, लेंगे, असं ती म्हणायची मधूनमधून.
मला वाटलं, दिल्लीचा व्यापारीच भाव पाडतोय.
मग कळलं, त्यांच्यात लेंगे म्हणजे
फार वेळ. कितीतरी वेळ.

तिच्या मागोमाग आणखी सापडल्या.
ट्यूरा एकव्हाल, टपाल वाटून आल्यावर गाणारी,
दोन ओळींच्या मधे तिचं कुत्रं भुंकतं, तिनं काढून टाकलं नाही.
दागनी कोणीतरी, आडनाव दिलेलंच नाही,
तीनच गाणी, आणि चौथ्याच्या जागी नुसता श्वास,
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.
स्वतःच लिहितात, स्वतःच चाल लावतात,
बहुधा स्वतःच ऐकतात.
दोनशे बाराचे दोनशे एकतीस झाले
तेव्हा मी मोजून पाहिलं:
वरचे एकोणीस मीच होते.

ठगूबाई चारला येते, पारोळ्याकडची,
तुरटीच्या पाण्यात फण्या धुवायला.
एकदा हात पाण्यातच ठेवून उभी राहिली.
"काय म्हनस वं ती?"
मला तरी कुठे कळतंय, मी म्हटलं, रडतेय बहुतेक.
"नही वं. रडी नही राह्यनी.
कोनले तरी बलाई राह्यनी."

शब्द उलगडायला मला दोन रात्री लागल्या.
गाय होती. लिल्या नावाची.
धुक्यात रानात राहिलेली,
आणि ही कुंपणाशी उभी, कितीतरी वेळ.
ठगूबाईला सांगितलं, तर ती नुसतं हं म्हणाली
आणि डाग पडलेली फणी बाजूला काढली.

म्हटलं, तूही म्हणतेस ना कामात काही काही,
मोबाईलवर घेऊ का?
"गानं म्हंजे केयना घड शे का,
पेटीमा भराले?"

त्या गुरुवारी वीज गेली.
जनरेटरनं दोनदा खोकून मान टाकली.
तीन वर्षांत पहिल्यांदा मशीन गप्प,
आणि कळेना, ही शांतता ठेवायची कुठे.
मालकाला फोन लागेना. मेणबत्ती कुठे तेही आठवेना.
अंधारात पाण्याचा चुबुक चुबुक आवाज,
मग तीच चाल, जरा खाली उतरलेली,
शब्द मात्र अहिराणी.
गाय नव्हती त्यात. सुरत होती,
साड्यांच्या घड्या घालणारी लेक होती,
दिवाळीला आली नाही ती.
रेखू वं, रेखू, असं लांबवत लांबवत
ती कच्च्या केळ्यांवरून आवाज सोडत गेली,
आणि जिथे इंगेला श्वास घ्यायला थांबते
तिथे ही थांबली नाही.

टॉर्च मारून मी आकडा वाचला. वहीत लिहिलं:
चौदा पूर्णांक एक. वीज नाही.
शेऱ्याच्या रकान्यात जागा उरली होती.
तिथे लिहिलं, लेंगे.

सकाळी मालक वहीवर बोट ठेवून विचारत होता,
कोण घेणार म्हणतोय?
कोणत्या भावानं?